चार तास दहा मिनिटं

“वहिनी, बाबांना खेळात घेताय ते छानच आहे. फक्त त्यांना लांबचं काम देऊ नकोस,” नणंद म्हणाली. ती बॅगेची चेन ओढत होती आणि चेन मध्येच अडकली होती. त्यामुळे तिचं निम्मं लक्ष तिकडे असावं, असं मी धरून चालले.

“लांबचं म्हणजे?”

“म्हणजे एकट्यानं बसून करायचं. आपला कुणाला त्रास नको, हा त्यांचा स्वभाव. माझ्या वॉर्डात असे पाचजण तरी कायम असतात. बेल उशाशी ठेवली तरी दाबत नाहीत.”

“अगं, खेळ आहे तो,” मी म्हटलं आणि हसलेसुद्धा. “तुला जिकडेतिकडे पेशंटच दिसतात.”

चेन लागली, ती तिच्या गावी गेली. मी दार लावलं, गॅस बंद आहे ना ते दोनदा पाहिलं, बाल्कनीच्या जाळीला हात लावून ती घट्ट असल्याची खात्री केली. मी अशी आहे. लेक रांगायला लागली तेव्हा मी घरातल्या टेबलांचे सगळे कोपरे स्पंजानं मढवले होते. ती आता नऊ वर्षांची आहे आणि एक कोपरा अजून तसाच आहे. माझी नोकरीही त्याच जातीची. सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या. मला त्याचा पगार मिळतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्यावर दया दाखवणार नाही.

मी आणि नवरा कॉलेजात असताना विज्ञानकथांच्या एका फाटक्या पुस्तकावरून भांडलो आणि त्यातून लग्नापर्यंत गेलो. आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना सोफ्यावर बसण्याआधी फासे आणि सोंगट्या उचलाव्या लागतात. लेकीला झोपवताना आम्ही राजाराणीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत, कृष्णविवरात पडलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते सांगितलं. नणंद म्हणायची, “दादा, ही पोर मोठी होऊन एक तर शास्त्रज्ञ होईल, नाही तर तुमच्यावर केस करेल.”

त्या उन्हाळ्यात लेकीला दोन महिने सुट्टी होती आणि आम्हाला दोघांनाही घरून काम. ती टॅब्लेटला चिकटून बसू नये म्हणून आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांचं यान केलं. जेवणाच्या टेबलावर चादरी टाकून नियंत्रणकक्ष. न्हाणीघर म्हणजे एअरलॉक, आत जाताना बाहेरून तीनदा टकटक. लेक कॅप्टन. नवरा इंजिनमास्तर, म्हणजे पंखा बिघडला की शिव्या खाणारा. मी दिशादर्शक. फ्रीजवर नियमांचा कागद. सूर्यमालेच्या बाहेर पडायचं, आठवड्याला एक ग्रह मागे टाकायचा, शाळा सुरू व्हायच्या आत पार.

आणि सासरे म्हणजे भूकेंद्र.

ते आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर राहतात, तळमजल्यावर, एकटेच. सासूबाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली. “इकडे या” म्हटलं की म्हणायचे, “येतो की, रोज येतोच आहे.” आणि खरंच रोज पाचला यायचे, चहा घ्यायचे, नातीकडून दोन डाव हरायचे आणि परत जायचे. पाणीपुरवठ्याच्या पंपघरावर त्यांनी चौतीस वर्षं मेकॅनिकचं काम केलं. तिथे दर तासाला दाब, पातळी, मोटारीचा आवाज वहीत लिहायची पद्धत. निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नाही. खेळात घेतल्यावर त्यांनी नवी वही आणली, तिला पुठ्ठा घातला आणि वर लिहिलं, ‘भूकेंद्र. नोंदवही.’ दर तासाला फोनवर आवाजी निरोप पाठवायचे. “भूकेंद्रावरून कॅप्टनला. तापमान एकोणचाळीस. समोरच्या तारेवर सात चिमण्या. त्यातली एक लंगडी. संपलं.”

कॅप्टन लगेच उत्तर द्यायची. तिथे माझं शास्त्र आडवं आलं.

“हे चूक आहे,” मी म्हटलं. “आपण मंगळापाशी आहोत. प्रकाशालाही इथे पोचायला वेळ लागतो. निरोप येताक्षणी ऐकू येईलच कसा?”

नवऱ्याचे डोळे चमकले. असलं काही निघालं की आम्ही दोघंही लेकीच्या वयाचे होतो. रात्रीचं जेवण तसंच राहिलं आणि आम्ही तक्ता केला. मंगळ बारा मिनिटं. गुरू त्रेचाळीस. शनी एक तास वीस. युरेनस दोन तास चाळीस. नेपच्यून चार तास दहा. निरोप आला की गजर लावायचा आणि गजर वाजल्यावरच उघडायचा. आधी उघडणारा अंतराळवीर एक दिवस यानाबाहेर, म्हणजे जिन्यात.

नवऱ्यानं एक पुस्ती जोडली होती. “लाल निरोप ठेवू. खरंच काही काम असेल तर बाबांनी ‘लाल’ असं लिहून पाठवायचं, तो लगेच उघडायचा.”

आठ दिवस तो नियम चालला. मग कॅप्टननं आजोबांना फितवलं. लाल निरोप धडाधड यायला लागले. लाल, चिमणीनं काडी पाडली. लाल, समोरच्या शिंप्यानं स्वतःचाच सदरा उलटा घातलाय. ते नातीला नाही म्हणत नसत. मी कागदावरच्या त्या ओळीवर काट मारली.

“अगं, राहू दे ना ते एक,” नवरा म्हणाला.

“मग खेळाला अर्थ काय? आणि खरंच काही असलं तर ते फोन करतील. त्यांना फोन करता येतो.”

सासऱ्यांनी त्या संध्याकाळी नियम नीट समजून घेतला. “म्हणजे घाईचं काही पाठवायचंच नाही,” ते म्हणाले. मी म्हटलं, “हो बाबा, फसवाफसवी बंद.” त्यांनी मान हलवली आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

गुरू मागे पडल्यावर एकदा ते पाचला आले तर कॅप्टननं दारातच हात आडवा धरला. “आजोबा, पृथ्वीवरचा माणूस यानात कसा येईल?” ते तोंडभर हसले. “चुकलंच की,” म्हणाले आणि जिना उतरून गेले. तेव्हापासून नवरा संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन तिकडे जायचा, आम्ही त्याला रसदयान म्हणायचो. दारातून परत जाणाऱ्या बाबांना मी थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर ते सोयीचं होतं. पाच ते सात माझ्या ऑफिसच्या मीटिंगा असायच्या आणि घर शांत मिळत होतं. दर तासाचे निरोपही आता साठून यायचे, मला हवे तेव्हा उघडायचे. शास्त्राचं नाव होतं, सोय माझी होती.

नेपच्यूनच्या आठवड्यातला शनिवार. आम्ही तिघं जमिनीवर पट मांडून बसलो होतो, एका परग्रहावर वसाहत करायचा लांबलचक डाव, तीन तासांचा. दहा वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला.

“आजोबा,” कॅप्टन म्हणाली. “उघडू?”

“किती वाजता उघडायचा?”

तिनं बोटांवर मोजलं. “दोन बावीस.”

“मग?”

“पण आई, एवढासाच आहे. अकरा सेकंदांचा. आजोबांचा निरोप एवढासा कधीच नसतो.”

मी पटाकडे बघत होते. माझ्या दोन वसाहतींना पाणी मिळत नव्हतं. “चिमण्या उडून गेल्या असतील,” मी म्हटलं.

“ऐकू दे ना एक दिवस,” नवरा म्हणाला. “काय बिघडतंय?”

“तूच म्हणतोस ना, शास्त्र खरं हवं? आणि कॅप्टननंच नियम मोडला तर बाकीच्यांनी काय करायचं?”

कॅप्टननं फोन उलटा ठेवला. मोठी शहाणी पोर. तिनं स्वतः गजर लावला.

अकराला निरोप आला नाही. बाराला नाही. एकदा माझ्या मनात आलं, आज काही येत नाहीये. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या अशाच गोष्टी टिपायचे मी पैसे घेते. पण माझी पाळी आली आणि मी फासे टाकले.

दोन बावीसला गजर झाला. आमचा त्याचा एक सोहळा असायचा. पडदे ओढायचे, टेबलाखाली तिघांनी डोकी एकत्र आणायची आणि नवरा तोंडानं खरखर करायचा, दूरवरून सिग्नल येतोय अशी. तो खरखर करत होता म्हणून पहिल्यांदा आम्हाला शब्द लागलेच नाहीत.

“बाबा, गप्प बस,” कॅप्टन म्हणाली आणि तिनं परत लावलं.

“भूकेंद्र… कॅप्टनला. उजवा हात… जड झालाय जरा. जीभ वळत नाही. आईला सांग. सवडीनं. घाई… नाही.”

नवरा टेबलाखालून उठला तेव्हा त्याचं डोकं आपटलं. त्याच्या एका पायात चप्पल होती. जिन्यावरून त्याचा आवाज गेला, मग रस्त्यावर दिसला, मग दिसेना. मी रुग्णवाहिकेला फोन केला आणि त्यांच्या घराचा पत्ता सांगताना दोनदा आमचाच सांगितला.

आम्ही दोघी पोचलो तेव्हा ते खिडकीपाशी खुर्चीत होते. तोंडाची एक बाजू खाली उतरली होती. वही मांडीवर, पेन खाली. नवरा गुडघ्यांवर बसून त्यांचा हात चोळत होता, जणू तो हात बर्फातून काढलाय. नातीला बघून त्यांनी डावा हात कपाळापर्यंत नेला. कॅप्टनला सलाम, खेळातला. निम्म्या तोंडानं ते हसलेही. मला वाटलं, आता ही रडेल. तीही ताठ उभी राहिली आणि तिनं उलट सलाम केला.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्याहून लहान असेल. ती भराभर विचारत होती. “शेवटचे नीट केव्हा होते? कुणाशी बोलले?”

“दहा बाराला निरोप आला,” मी म्हटलं. “त्यात हात जड झालाय म्हणाले.”

“दहा बारा.” तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीनला पाच कमी. “मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं एक औषध असतं, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आता ती वेळ गेली. बाकीचे उपचार सुरू करतो.” ती लिहितालिहिता थांबली. “निरोप दहा बाराला आला, तर मधे काय झालं?”

मी तिच्या पेनाच्या टोकाकडे बघितलं.

“फोन सायलेंटवर होता,” मी म्हटलं.

नवरा खालच्या फरशा बघायला लागला. कॅप्टन माझा हात धरून उभी होती. तिनं हात सोडला नाही. फक्त मान वर करून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद आली. बॅग खांद्यावरच होती, तशीच आधी वडलांपाशी गेली, त्यांची नाडी धरली, उशी सरळ केली, सलाईनच्या नळीचा पीळ काढला. मग बाहेर येऊन माझ्याजवळ बसली.

“सायलेंटवर होता म्हणे.”

“हो.”

“वहिनी, तू न्हाणीघरातसुद्धा फोन नेतेस. पोर शाळेत असली की.”

“चहा घेतेस का?” ती एवढंच म्हणाली आणि दोन कप घेऊन आली.

तिसऱ्या दिवशी मी सासऱ्यांचं घर आवरायला गेले. खुर्चीजवळ वही पडली होती. त्या दिवशीचं पान उघडलं.

‘८.०० तापमान ३४. चिमण्या ५.
९.०० तापमान ३६. चिमण्या ७, लंगडी आली.
१०.०५ उजवा हात जड. पेन निसटतं.
१०.१२ निरोप पाठवला.
१०.४० फोन करावा का? आज सगळे घरी असतात, डाव चालू असेल. पोरीचं यान नेपच्यूनपाशी आहे. खेळ मोडेल.
११.०० डाव्या हाताने लिहितो. पायही जड.
१२.०० उत्तर यायला अवकाश.’

पुढे एकची वेळ टाकली होती. त्याच्यापुढे नुसती एक रेघ, खाली घसरत गेलेली.

चौतीस वर्षं त्या माणसानं पंपघरात वर कळवल्याशिवाय स्वतःहून झडप फिरवली नव्हती. मी कोणता नियम घालून देत होते आणि कुणाला, हे मला कळायला हवं होतं. मी वही घरी आणली आणि कपाटात माझ्या साड्यांच्या खाली ठेवली. नवऱ्याला दाखवली नाही. कुणालाच नाही.

घरी नियंत्रणकक्ष गेला होता. कॅप्टननं चादरी स्वतः घडी करून ठेवल्या होत्या, कोपऱ्याला कोपरा लावून. फ्रीजवरचा कागदही नव्हता.

पाचव्या दिवशी सासऱ्यांना साध्या खोलीत आणलं. बोलणं जवळजवळ गेलं होतं, समजत मात्र सगळं होतं. नणंद त्यांची दाढी करत होती, मी फळं चिरत होते. कॅप्टन पलंगाच्या कडेला बसली होती. तिनं त्यांचा डावा हात धरला आणि म्हणाली, “आजोबा, तुमचा निरोप ना, आम्हाला कळलाच नाही. फोन सायलेंटवर होता.”

तिनं ते इतकं सहज म्हटलं, पाठ केल्यासारखं. नऊ वर्षांची पोर. तिनं आजवर डावातसुद्धा खोटा आकडा सांगितला नव्हता. हरली तर हरली म्हणायची.

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांना गजर माहीत होता, तक्ता माहीत होता. दोन बावीस हा आकडा त्यांनीही काढला असणार. त्यांनी हळूहळू मान डोलावली. हो, सायलेंटवर होता. दोघांनी मिळून मला सांभाळून घेतलं, एक लहान आणि एक आडवा पडलेला. मला सुरी खाली ठेवता येईना.

मी नणंदेला बाहेर बोलावलं. जिन्यापाशी एक बाक होता. तिथे बसून सगळं सांगितलं. लाल नियमावरची काट. अकरा सेकंद. पोर म्हणाली होती उघडू, नवरा म्हणाला होता ऐकू दे, मी नाही म्हटलं. साड्यांखालची वही त्या दिवशी पर्समधून आणली होती, ती तिच्या हातात दिली.

तिनं ते पान वाचलं. पहिल्यांदा मुलीसारखं नाही, नर्ससारखं, ओळीखाली बोट धरून. मग एकदा परत वाचलं आणि त्या वेळी बोट धरलं नाही.

“बाबांनी वेळा व्यवस्थित लिहिल्यात,” ती शेवटी म्हणाली. “हे डॉक्टरांना दाखवायला हवं. सुरुवात दहा पाचला. तुम्ही दहा बारा सांगितलंत.”

“तू मला काही बोल तरी.”

“काय बोलू?” तिनं वही मिटली. “मी वॉर्डात रोज बघते. लोक म्हणतात फोन बंद होता, गाडी मिळाली नाही, आम्ही गावाला गेलो होतो. कुणी असं म्हणत नाही की ऐकू आलं होतं.” मग म्हणाली, “तू सांगितलंस म्हणून मी तुला मोकळी करणार नाही. पोरीला मात्र कर. आज.”

त्या संध्याकाळी मी कॅप्टनला दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसवलं आणि म्हटलं की मी खोटं बोलले, तुला ते बोलायला लागलं, आणि निरोप न उघडणं ही तुझी चूक नव्हती, माझी होती.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. तिनं एका मुंगीला पायरीवरून वाट करून दिली. “पण तू डॉक्टरला सांगितलंस तेव्हा मला वाटलं, तू मला वाचवतेयस. कॅप्टन मी होते.”

मग ती रडली. पाच दिवसांचं रडली.

आता सासरे आमच्याकडेच असतात. चित्रांची कार्डं घेऊन शिकवायला एक बाई येते. कप. चावी. घड्याळ. ते प्रयत्न करतात, घामाघूम होतात, चुकतात, पुन्हा सुरू करतात. चावीला कप म्हणतात आणि स्वतःलाच हसू येतं. नवरा त्यांना आंघोळ घालतो. त्या दोघांचं आता पूर्वीपेक्षा जास्त बोलणं होतं, शब्द कमी असूनही. माझ्याशी ते आधीसारखेच वागतात. तेच सहन होत नाही.

हे सगळं मी माझं मन हलकं व्हावं म्हणून लिहिलेलं नाही. ते होणारही नाही. मला तुमच्याकडून एक काम हवं आहे.

तुमच्याही ओळखीत एखादा माणूस असेल. एकटा राहणारा, तक्रार न करणारा. तुम्ही त्याला काहीतरी उद्योग लावून दिला असेल. नातवंडांचे फोटो लाव, झाडांना पाणी घाल, रोज एक निरोप पाठव. तो रमलाय असं तुम्ही सगळ्यांना सांगत असाल. मीही सांगायचे. त्याला फोन करू नका, फोनवर तो ‘मजेत’ म्हणेल. उठा आणि त्याच्या घरी जा. दार वाजवा. तो विचारेल, “काय काम काढलंस?” काही काम नाही म्हणा, आत जा, बसा. त्याला दोन्ही हातांनी पेला उचलायला लावा आणि तो बोलत असताना त्याच्या तोंडाकडे बघा. जाल ना?